सातवीच्या वर्गातली माळ

परवा व्हिडिओ कॉलवर तू तुझ्या शाळेचा कागद दाखवलास. कवितेच्या प्रत्येक ओळीसमोर एक रिकामा चौकोन होता आणि त्यात अलंकाराचं नाव भरायचं होतं. तू विचारलंस, "आजी, सगळे चौकोन भरले की कविता कळली का?" मी तेव्हा जेवणाचं विचारून विषय बदलला, कारण उत्तर लांब होतं. ते आता लिहिते. धाकट्यालाही वाचून दाखव. त्याला मराठी अक्षरं जड जातात, आणि ही गोष्ट एका अक्षराचीच आहे.

तुम्हाला ठाऊक आहे, मी नोकरीभर खामगावात कॉलेजच्या मुलांना इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतर आजोबांच्या शेताजवळ, जानेफळला राहायला आले. गेल्या वर्षी इथल्या शाळेतल्या मराठीच्या शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मुख्याध्यापक घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "म्याडम, त्या परत येईपर्यंत सातवीचं मराठी सांभाळता का? इंग्रजी कविता काय, मराठी कविता काय, शिकवायची रीत तर एकच ना."

ते गेल्यावर आजोबा बाजेवरून म्हणाले, "आता इंग्रजीवाली बाई पोट्ट्यायले मराठी शिकवन. देवा, वाचव रे त्यायले!"

मी नवी वही काढली, समास आखला आणि डिसेंबरपर्यंतचे तास त्यात मांडले.

पहिल्या आठवड्यातच एक मुलगी माझ्या लक्षात आली. तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला बसायची. गणितात वर्गात पहिली. मराठीच्या तासाला तोंडातून शब्द नाही. हजेरीला नुसता हात वर. मी वाचायला सांगितलं तर उभी राहायची, पुस्तक धरायची आणि तशीच उभी राहायची. शेजारच्या मुलीनं मला समजावलं, "म्याडम, थे नाई बोलत. तिले ळ नाई येत."

इथे बोलण्यात 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याला डोया म्हणतात, केळ्याला केयं, आभाळाला आभाय. मैदानावर सगळा वर्ग "चाल, खेयू" असंच ओरडतो. पण पुस्तक हातात आलं की बाकीची मुलं आठवणीनं 'ळ' काढतात, आणि हिला ते जमेना. आदल्या वर्षी, सहावीत, तिनं 'कमळ'चं 'कमय' वाचलं. आता रजेवर गेलेल्या शिक्षिकेनंच तेव्हा चांगल्या हेतूनं तिला तो शब्द दहा वेळा म्हणायला लावला. दहाही वेळा 'कमय' आलं. अकराव्या वेळी ती गप्प झाली, ती झालीच. वहीत 'ळ'च्या जागी लिहिलेल्या तिच्या प्रत्येक 'य'भोवती लाल गोल होते.

मी माझ्या वहीत लिहून ठेवलं: डिसेंबरपूर्वी हिनं वर्गात एकदा तरी मोठ्यानं वाचलं पाहिजे. बाकी अभ्यासक्रम थोडा मागे राहिला तरी चालेल, असं मी माझ्या मनाशी म्हटलं. आयुष्यात मी असं फार वेळा म्हटलेलं नाही.

अलंकार मी आधी माझ्याच पद्धतीनं शिकवले. फळ्यावर उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती. प्रत्येकाखाली व्याख्या, व्याख्येखाली उदाहरण. 'मुख चंद्रासारखे सुंदर आहे.' मुलांनी निमूट उतरवून घेतलं. शेवटी मागच्या बाकावरच्या एका चुणचुणीत मुलीनं हात वर केला. तिचं तोंड कधी मिटलेलं मी पाहिलं नाही.

"म्याडम, चंद्रावर तं खड्डे राह्यते. मंग ते तोंड चांगलं कसं?"

वर्ग हसला, मीही हसले, आणि मला कळलं की या तासात तेवढाच एक प्रश्न खरा होता.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात उभी होते. दोन मुली डबा खाता खाता बोलत होत्या.

"तुमची ज्वारी कुठलोग आली वं?"

"पोटरीत आली."

कणीस बाहेर पडण्याआधी ज्वारीचं ताट, म्हणजे धांडा, वरून फुगतं, त्याला पोटरी म्हणतात. हा शब्द मी जन्मापासून ऐकला होता आणि त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "पोटरी कुठे असते?"

"पायाले!"

"मग ज्वारीला पाय असतात का?"

 मग एकजण म्हणाला, "म्याडम, ताट फुगते ना. गड्याच्या पोटरीवानी."

"असं पहिल्यांदा कोण म्हणालं?"

"आमचा आबा म्हणते."

"त्याच्याही आधी कोणीतरी ताटाकडे बघितलं असेल आणि त्याला माणसाचा पाय दिसला असेल. मग तो माणूस कवी नाही का?"

"कवी कुठचा, म्याडम," ती चुणचुणीत मुलगी म्हणाली, "शेतकरी असन."

त्या दिवसापासून व्याख्या बंद झाल्या आणि शोध सुरू झाला. सुईला नाक. करवतीला दात. बाटलीला गळा. मक्याच्या कणसाला मिशी. डोंगराला माथा. उसाला डोळा, म्हणजे अर्थात डोया. फळा पुरेना. मुलांना कळलं की घरात, शेतात रोज वापरायच्या शब्दांत कुणीतरी आधीच चित्रं काढून ठेवली आहेत. आपण ती इतकी वापरली की ती दिसेनाशी झाली. भिंतीकडेच्या मुलीनं वहीत सगळ्यांत मोठी यादी केली होती. तीतले काही शब्द मला लागले नाहीत. विचारलं तर तिनं वही छातीशी धरली.

दिवाळीनंतर मी गृहपाठ दिला. घरातल्या कोणाही माणसावर चार ओळी लिहा. त्या माणसाला दुसरं काहीतरी करून दाखवा. झाड करा, भांडं करा, बैल करा, पण 'सारखा' हा शब्द वापरायचा नाही. म्हणजे रूपक.

बहुतेकांनी बापाला वडाचं झाड केलं. एकीनं आजीला अडकित्ता केलं, ते चांगलं होतं. भिंतीकडेच्या मुलीच्या वहीत या ओळी होत्या:

*माझी माळ पहाटे उठते*
*ओली होते दवात*
*दिवसभर बसते बाजारात*
*सुकून येते घरात*

मी त्या तीनदा वाचल्या. तिची आई भाजी विकते, हे मला ठाऊक होतं. आठवडी बाजारात मी तिच्याकडूनच मेथी आणि सांभार घेते. (कोथिंबिरीला इथे सांभार म्हणतात. मागे आलात तेव्हा तुम्ही इडलीबरोबरचं सांबार समजून वाटी पुढे केली होती.) सातवीच्या मुलीनं आईला आई म्हटलंच नाही, सरळ फुलांची माळ म्हटलं. पहाटे ओली, ताजी, संध्याकाळी सुकलेली. 

दुसऱ्या दिवशी मी ओळी फळ्यावर लिहिल्या आणि त्या माळेवर अर्धा तास बोलले. माळ देवाला घालतात, नवरीला घालतात, आणि ही माळ कोणी गळ्यात घालत नाही, ती बाजारात बसते. माळेतलं एकेक फूल म्हणजे आईचा एकेक दिवस. दोरा कोणता? दोरा म्हणजे घर. मुलं बघत राहिली. मुख्याध्यापक दारात थांबले आणि ऐकून म्हणाले, "वा!" ओळी मोठ्या कागदावर लिहून भित्तिफलकावर लावल्या, खाली माझं रसग्रहण. पालक सभेत मुलीनं त्या वाचायच्या, असंही तिथेच ठरलं. ती खाली मान घालून बसली होती. मी समजले, लाजली.

पुढच्या आठवड्यात निबंधाच्या वह्या तपासायला घेतल्या. विषय, माझा आवडता प्राणी. तिची वही उघडली.

'आमच्या घरी एक गाळ आहे. गाळीला चार पाळ आहेत. ती रोज दूध देते. दुधावर जाड साळ येते.'

मी आधी हसले. मग लाल पेन खाली ठेवलं.

गाळ म्हणजे गाय. पाळ म्हणजे पाय. साळ म्हणजे साय. वर्षभर 'य'भोवती लाल गोल बघून त्या पोरीनं धडा घेतला होता की 'य' चूक असतो. म्हणून शब्दाच्या शेवटी जिथे जिथे 'य' आला, तिथे तिनं 'ळ' करून टाकला. अगदी शिस्तीत, एकही न सोडता.

आणि माळ म्हणजे माय.

आजोबांना सांगितलं. ते पोट धरून हसले. "अर्धा तास बोलली तू? दोरा म्हणजे घर?" मग डोळे पुसून म्हणाले, "सकायी लवकर जाय अन् गुपचूप 'ळ'चा 'य' करून ये. कोणाले समजते?"

मलाही पहिल्यांदा तेच सुचलं होतं. पण फलक साऱ्या शाळेनं वाचला होता, आणि खाली माझंच अर्धं पान माळेवर होतं. शिवाय हे मला आधी दिसायला हवं होतं. माझीही आई 'का'ला 'काऊन' म्हणायची, 'डोया' म्हणायची. पुण्याच्या नातेवाइकांनी हसू नये म्हणून तिनंच मला लहानपणी 'शुद्ध' बोलायला लावलं. इतकं पक्कं की पन्नास-साठ वर्षांनी कोणी 'माय' लिहायला जाऊन अडखळलं, तर मला ते ओळखूही येऊ नये.

मी सकाळी लवकर गेले, पण कागदाला हात लावला नाही. मुलगी आली तशी तिला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि हळू विचारलं, "हे माळ आहे की माय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.  मग ओठ हलले.

"माय."

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं होतं बारीक असेल. चांगला खणखणीत होता.

"मग काऊन नाही सांगितलं?" माझ्या तोंडून 'काऊन' आलं, ते मला नंतर जाणवलं.

"तुम्ही लय चांगलं म्हणलं ना, म्याडम." ती फलकाकडे बघत होती. "मले वाटलं, माळच बरी."

 मी म्हटलं, चूक माझी आहे, कागद मी बदलते, सभेत वाचायचं नसेल तर तसंही मुख्याध्यापकांना सांगते.

ती एकदम म्हणाली, "माय येऊन राह्यली सभेले. बाजार सोडून."

मग एकेका शब्दावर थांबत तिनं मला सगळं सांगितलं. 'माय' वाचलं तर साऱ्यांना कळेल की ते लिहितानाच चुकलं होतं, हासतीन. 'माळ' वाचलं तर कोणी हसणार नाही. पण माय मागे बसून ऐकेल आणि तिला कळणारच नाही की हे तिच्यावर लिहिलंय. ती म्हणेल, पोट्टीनं कोणत्या तरी माळेवर लिहिलं.

"मंग काय वाचू, म्याडम?"

 मी एवढंच म्हटलं, "तुझ्या ओळी आहेत. तू उभी राहशील तेव्हा जो शब्द येईल तो. मी मध्ये बोलणार नाही." आणि हेही सांगितलं की न वाचता खाली बसलीस तरी मी रागावणार नाही. घरी येताना वाटत होतं, मी तिला मदत केली की जबाबदारी तिच्या डोक्यावर ठेवून मोकळी झाले?

पालक सभा शनिवारी होती. वर्गातले बाक भिंतीला लावून मध्ये सतरंज्या टाकल्या होत्या. पुढे मुलं, मागे पालक. तिची आई दाराजवळ बसली. डोक्यावरून पदर, नखांत हिरवा रंग. सोबत पिशवीत थोडी मेथी होती, सभा लवकर संपली तर विकायला.

दोन मुलांनी भाषणं केली, एकीनं गाणं म्हटलं. मग मुख्याध्यापकांनी हिचं नाव घेतलं आणि भित्तिफलकावरच्या 'त्या सुंदर माळेबद्दल' चार वाक्यं बोलले. मला वाटलं, आता झालं.

ती उभी राहिली. कागद दोन्ही हातांत.  मी घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. मग आवाज आला.

"माझी माय पहाटे उठते—"

"अवं, माळ होतं ना!" मागच्या बाकावरची ती चुणचुणीत मुलगी ओरडली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, तिला मदतच करायची होती. पण वर्ग हसला. पालकांतलेही दोघंतिघं हसले.

ती थांबली. कागद खाली आला. मी सतरंजीचा काठ धरून बसले होते. मध्ये बोलणार नाही असा शब्द दिला होता आणि तो पाळणं मला फार अवघड गेलं.

तिनं मान वळवून त्या मुलीकडे पाहिलं.

"माळ म्याडमची व्हय," ती म्हणाली. "माय माही हाय."

आता हसू फुटलं ते माझ्यावर. मुख्याध्यापक माझ्याकडे बघायला लागले, मी मान डोलावली. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले असेन. आणि त्या गोंधळातच तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी मोठ्यानं, आणि चारही ओळी वाचल्या. दवात. बाजारात. सुकून येते घरात.

दाराजवळून तिच्या आईचा आवाज आला, "काय वं पोट्टे, म्या सुकली का? कधी सुकली म्या?"

"संध्याकायी पाह्य मंग आरशात!" मुलीनं तिथूनच उत्तर दिलं. इतके महिने जी मुलगी हजेरीला बोलत नव्हती, ती भर सभेत मायशी भांडत होती. आईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, ते मला बसल्या जागेवरून दिसलं नाही.

सोमवारी मी वर्गासमोर उभी राहून सांगितलं की अर्धा तास मी जे बोलले ते चुकीच्या शब्दावर बोलले. मुलांना याचा फार आनंद झाला. मग विचारलं, "आता ओळी कशा वाटतात? माळ बरी की माय?"

निम्मे माळेच्या बाजूचे. एकजण म्हणाला, "म्याडम, माय ठेवली तं रूपक गेलं. तुम्ही रूपक सांगतलं होतं. आता मार्क कटतीन."

"खरंच गेलं का बघा."

ओळी पुन्हा फळ्यावर आल्या.  मग ती चुणचुणीत मुलगी उभी राहिली. आज ती नेहमीपेक्षा सावकाश बोलत होती.

"म्याडम, माणूस दमते. सुकत नाई. सुकते तं भाजी." ती थोडी थांबली. "पहाटे ओली होते, बाजारात बसते, सुकते. हे सारं मेथीचं हाय. तिनं मायले मेथी केलं, पण मेथी म्हणलंच नाई."

मी खडू हातात धरून उभी होते. नोकरीभर कविता शिकवल्या आणि हे मला दिसलं नव्हतं. मी दोऱ्यात आणि फुलांत अडकले होते. खरं चित्र त्या चार ओळींत आधीपासून होतं, नाव न घेता.

"तसंच मनात होतं का तुझ्या?" मी भिंतीकडेच्या मुलीला विचारलं.

"नाई, म्याडम," ती म्हणाली. जरा विचार केला. "पण राहू द्या. बरं वाटते."

चौकोनाबद्दल तू विचारलंस ना, त्याचं उत्तर मला त्या तासाला मिळालं. नाव भरणं वाईट नाही, मीही भरायला लावते. पण आधी ओळ कोणाची आहे आणि तिच्यात काय काय सुकतंय, काय ओलं होतंय, ते बघ. नाव मागून येईल. नाही आलं तर रिकामा चौकोन तसाच ठेव आणि बाईंना सांग, आजीनं सांगितलंय.

डिसेंबरच्या शेवटी शिक्षिका रजेवरून परत आल्या. बाळ तीन महिन्यांचं झालं होतं, आईकडे ठेवून आल्या होत्या. भल्या बाई आहेत. लाल गोलांचं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी काही बचाव केला नाही, नुसतं विचारलं, "आता वाचते का ती?" मी माझी वही त्यांच्या हातात दिली. प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन ओळी होत्या. हिच्या नावापुढे मी लिहिलं होतं:

'ळ आणि य यांत अजून गोंधळ. गाय आता बरोबर लिहिते, काल 'काळ'चा 'काय' केला. उभी राहून मोठ्यानं वाचते, मध्ये कोणी बोललं तर उत्तर देते. तिच्या ओळीतला शब्द तिला विचारल्याशिवाय बदलू नये.'